नव्या मोटारी आणि जुना टीकाकार

१

मोटारीवर टीकालेख लिहायला बसलो आहे आणि तो दिवाळी अंकासाठी आहे, असे घरात सांगितले तेव्हा सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, "म्हणजे कवितेच्या शेजारी?" या प्रश्नातला उपरोध मला मान्य आहे. ज्या पानांवर कादंबरीची मीमांसा व्हावी, नाटकाचे गुणदोष पाहावेत, तेथे चार चाकांच्या वाहनाने का म्हणून शिरावे? परंतु मध्यमवर्गीय माणूस घराच्या खालोखाल आयुष्यात जिच्यावर सर्वांत अधिक पैसा घालतो ती वस्तू म्हणजे मोटार. पाच-सात वर्षे तो तिचे हप्ते फेडतो आणि बायकामुलांचा जीव रोज तिच्या हवाली करतो. असे असून तीनशे रुपयांच्या कादंबरीवर आपल्याकडे जेवढी परखड टीका होते, तेवढीही या दहा लाखांच्या वस्तूवर होत नाही. होते ती स्तुती.

मी पेशाने मोटारवाला नव्हे. सोलापुरात एका बँकेत तेहतीस वर्षे जमाखर्च लिहून निवृत्त झालो. वडील गिरणी कामगार होते. घरात चाक असलेली वस्तू एकच, ती त्यांची सायकल. मोटारीचे वेड मला लागले ते सात रस्त्याला उभे राहून, दुसऱ्यांच्या गाड्या पाहून. पुढे १९९१ साली तिसऱ्या हाताची एक प्रीमियर पद्मिनी घेतली आणि चौदा वर्षे वापरली. म्हणजे या विषयातला माझा अधिकार वाचकाचा आहे, लेखकाचा नाही. टीकेला तेवढा पुरतो असे मी धरून चालतो.

हल्लीच्या मोटारपरीक्षणाची रीत मात्र पाहण्यासारखी आहे. गाडी बाजारात येण्यापूर्वी कंपनी परीक्षकांना एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी नेते. गाडी कोरी, टायर कोरे, रस्ताही बहुधा कोराच. अर्धा दिवस गाडी फिरवून आणि उत्तम जेवून परीक्षक परत येतात आणि लेख उतरतो. त्यात रंगाचे कौतुक असते, पडद्याच्या आकाराचे असते, वेगाचे असते. शेवटी बाळाच्या गालाला तीट लावावी तसा एक दोष लावलेला असतो: मागच्या बाकावर मधल्या माणसाची थोडी अडचण होईल. हे परीक्षण नव्हे. प्रकाशन समारंभात अध्यक्ष पुस्तकाविषयी जे बोलतात त्या जातीचे ते भाषण आहे. आणि तसल्या भाषणावर विसंबून कोणी पुस्तकाची योग्यता ठरवत नाही.

पुस्तकाची परीक्षा दुसऱ्या वाचनात होते. पहिल्या वाचनात नवलाई वाचते. दुसऱ्यांदा वाचताना आपण वाचतो. मोटारीची परीक्षा तशीच दुसऱ्या मालकाच्या हातात होते. नवेपणाचा वास गेला, हमीची मुदत संपली, हप्ते फिटले, आणि मग जे उरते ती खरी गाडी. म्हणून माझे वाचनालय दुकानाच्या काचेआड नाही. पुणे नाक्याकडच्या एका लहानशा गॅरेजात मी रविवारी सकाळी जाऊन बसतो. तेथे सहा-सात वर्षांच्या गाड्या पोट उघडून उभ्या असतात, आणि कोणती गाडी कशी लिहिली गेली आहे ते तेथे स्वच्छ वाचता येते.

२

सोलापूरकराने मोटारीविषयी बोलावे याला आणखीही एक कारण आहे. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी याच शहरात झाला. रेल्वेची कंत्राटे घेऊन ते पुढे आले. त्यानंतर जहाजे, साखर, विमाने असा एकेक उद्योग त्यांनी हाती घेतला आणि बहुतेक प्रत्येक वेळी परक्या सरकारशी त्यांचा झगडा झाला. मोटारीचेही तेच झाले. या देशात मोटारींचा कारखाना निघावा ही योजना सर विश्वेश्वरय्या यांनी १९३० नंतरच्या दशकात मांडली होती. वालचंदांनी ती मनावर घेतली. दुसरे महायुद्ध सुरू झाले तरी सरकारने साथ दिली नाही. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली, आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी केलेल्या करारानुसार जुळवलेल्या गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५३ साली वालचंद वारले, आणि फियाट अकराशे ही गाडी त्यानंतर आली. तिच्या पुढच्या तोंडावरून लोकांनी तिला 'डुक्कर फियाट' असे नाव ठेवले. यंत्राला नाव ठेवण्याइतकी जवळीक जेथे होते तेथे ते यंत्र घरचे होते, एवढे खरे.

याच अकराशेचा पुढचा अवतार १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखला जाऊ लागला. तिच्याविषयी लिहिताना हात थोडा थरथरतो, कारण आठवणींना बुद्धी नसते. सुकाणूच्या दांड्याला जोडलेला गिअर, पुढचे सलग बाक, दाराच्या कोपऱ्यातली ती तिकोनी काच. ती काच नेमक्या कोनात फिरवली की होटगी रस्त्यावरचा संध्याकाळचा वारा थेट छातीवर येत असे. आमच्या थोरल्या मुलीला त्याच बाकावर आडवी निजवून मी एका रात्री रुग्णालयात नेले आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सींची मुदत संपली तेव्हा वर्तमानपत्रांतून जे गहिवर उमटले, त्यांत माझाही एक होता.

परंतु गहिवर म्हणजे परीक्षण नव्हे. आता दुसरे वाचन करू. १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, चारही चाकांना ड्रमचे ब्रेक, साठीच्या दशकातला साचा. आणि जवळजवळ तोच साचा विसावे शतक संपेपर्यंत विकला गेला. मधल्या काळात जगात गाडीचे ब्रेक बदलले, इंधनाची बचत वाढली, सुरक्षा पट्टे आले. पद्मिनीत मोठा बदल का झाला नाही? कारखान्यात बुद्धीचे लोक नव्हते म्हणून नव्हे. परवान्यांच्या राज्यात गाड्या थोड्या आणि मागणारे फार होते. अनामत भरून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत आणि हाती आलेली गाडी बाहेर जास्त किमतीला विकली जाई. अशा वस्तूत सुधारणा कशाला करायची? तिला टीकाकार नव्हता. तिला प्रतीक्षायादी होती.

१९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती रस्त्यावर आली आणि वाट पाहणाऱ्या माणसाला प्रथमच तुलना करता आली. तुलना हाच टीकेचा आरंभ. त्यानंतर पद्मिनीच्या घरी जागे होण्याचे प्रयत्न झाले. १९९० नंतर प्युजोशी भागीदारी झाली, फियाटशी पुन्हा झाली. पण उशीर झाला होता. कुर्ल्याच्या त्या जागेवर आज निवासी इमारती उभ्या आहेत. परक्या सरकारशी झगडून सोलापूरच्या माणसाने जे उभे केले, त्याला आपल्या लोकांच्या बिनतक्रार प्रेमाने वाचवले नाही. निदान मला तरी या इतिहासाचा अर्थ एवढाच दिसतो: ज्या धंद्याला खरे बोलणारा गिऱ्हाईक मिळत नाही, तो धंदा आतून थांबतो.

३

आता नव्यांकडे वळू. आजच्या गाड्यांचा आकार पाहून पुष्कळांना वाटते की तो कलावंताने ठरवला असेल. तसे नाही, तो बराचसा करखात्याने ठरवला आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरांहून आखूड आणि लहान इंजिनाच्या गाड्यांवरचा कर २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणला गेला. २२ सप्टेंबर २०२५ रोजी वस्तू व सेवा कराची फेररचना झाली तेव्हाही ती रेघ कायम राहिली. रेघेच्या अलीकडे १८ टक्के, पलीकडच्या मोठ्या गाड्यांवर ४०. मग होते काय, की कवीने वृत्तासाठी शब्दाची मात्रा मोडावी तशी गाडीची शेपटी मोडली जाते. २०१२ साली डिझायर चार मीटरांत बसवण्यासाठी तिची डिकी छाटली गेली, तेव्हा ती गाडी मला वाक्य अर्ध्यावर सोडून उठलेल्या माणसासारखी वाटली होती. वृत्ताचा जाच मला मान्य आहे. परंतु ते वृत्त काव्यातून आलेले असावे, तिजोरीतून आलेले असू नये.

दुसरी लाट उंच गाड्यांची. २०२४-२५ या वर्षात देशात विकल्या गेलेल्या प्रवासी गाड्यांत अर्ध्याहून अधिक या थोराड जातीच्या होत्या. यात निव्वळ दिखाऊपणा आहे असे मी म्हणणार नाही. आमच्याकडच्या गतिरोधकांची उंची ज्याने पाहिली आहे तो गाडीच्या उंचीला हसणार नाही. आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला खाली बसण्यापेक्षा आत शिरणे सोपे असते, हे मी स्वतःच्या गुडघ्यांवरून सांगतो. पण लहान गाडीवरच चढवलेला उंच अंगरखा पुष्कळ ठिकाणी दिसतो. आत माणसे तेवढीच, सामान तेवढेच, वजन मात्र जास्त. नवी पेठेत अशा दोन गाड्या समोरासमोर आल्या की रस्त्याने काय गुन्हा केला आहे असे वाटते.

त्याहून मोठा विनोद काचेच्या छताचा. ज्या शहरात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, जेथे गाडी उन्हात लावताना लोक पुढच्या काचेवर जुनी चादर टाकतात, त्या शहरात डोक्यावर काच असलेली गाडी मोठ्या हौसेने जास्त पैसे देऊन घेतली जाते. मग त्या काचेखाली पडदा ओढून तो बारा महिने बंद ठेवतात. एरवी तो उघडतो लग्नाच्या वरातीत, मुलांना उभे करण्यासाठी. आणि ते तर सर्वस्वी धोक्याचे. एखाद्या परीक्षकाने गाडीचे परीक्षण मे महिन्यात दुपारी दोन वाजता तुळजापूरच्या घाटात करावे. काचेच्या छताविषयीचा त्याचा परिच्छेद घाट चढून होण्याआधी बदलेल.

पडद्यांचेही तसेच. वारा कमी करायला पूर्वी एक खुंटी फिरवावी लागे. बोटांना ती अंधारात सापडत असे. आता समोर दूरचित्रवाणीएवढा पडदा असतो आणि वारा त्याच्या तिसऱ्या पानावर असतो. ही केवळ म्हाताऱ्याची कुरकुर नाही, याचे समाधान मला युरोपातून मिळाले. तेथल्या सुरक्षा-चाचणी संस्थेने २०२६ पासून पूर्ण गुणांसाठी भोंगा, दिशादर्शक, पुसणी अशा काही गोष्टींना हाताला लागणारी खरी बटणे असावीत अशी अट घातली. बटण परत येत आहे. कधी कधी प्रगती मागे वळूनही होते.

दुरुस्तीविषयी एकच अनुभव सांगतो. माझ्या एका स्नेह्यांच्या चार वर्षांच्या गाडीत समोर पिवळा दिवा लागला. कंपनी कोणती ते सांगण्याचे कारण नाही. आज हे कोणाच्याही बाबतीत घडते. अधिकृत दुकानात सांगितले की पूर्ण संच बदलावा लागेल. खर्च ऐकून ते माझ्याबरोबर गॅरेजात आले. आमच्या मिस्त्रींनी तासभर पाहिले, एक तार साफ केली, दिवा विझला. पण तो दिवा का लागला होता हे त्यांनाही गाडीने सांगितले नाही, कारण तिची भाषा वाचणारे यंत्र त्यांच्याजवळ नव्हते. हात पुसत ते म्हणाले, "गाडी काय वाईट नाही ओ मालक. पण ही बोलते ते फक्त तिच्या माहेरच्या लोकांशीच." नव्या गाड्यांवर याहून नेमकी टीका मी कोठे वाचलेली नाही. जी गाडी तिच्या मालकाच्या गावात दुरुस्त होत नाही, ती विकत घेतलेली असली तरी भाड्याचीच समजावी.

इतके दोष काढल्यावर गुणाच्या बाजूलाही तेवढ्याच मोकळेपणाने उभे राहिले पाहिजे. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या परदेशी संस्थेने आपल्याकडच्या पाच लोकप्रिय लहान गाड्या घेऊन धडकेची चाचणी केली. पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले. त्या दिवशी पुष्कळांना राग आला. परक्यांनी आमच्या गाड्यांना नावे ठेवावीत काय, असा सूर निघाला. पण टीका खरी होती आणि तिने आपले काम केले. २०१८ साली टाटांच्या नेक्सॉनला पाच तारे मिळाले. २०२३ च्या ऑक्टोबरापासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणी सुरू झाली. आणि जिची डिकी छाटल्याबद्दल मी वर हळहळलो त्याच डिझायरच्या नव्या अवताराने २०२४ च्या नोव्हेंबरात पाच तारे मिळवले. मारुतीच्या गाडीला ते प्रथमच मिळत होते. शून्यापासून पाचापर्यंतचा हा दहा वर्षांचा प्रवास स्तुतीने झालेला नाही. भिंतीवर गाडी आदळून "ही नापास" असे म्हणणारा कोणीतरी भेटला, म्हणून झाला. माझ्या पद्मिनीत पाठीमागे बसलेल्या मुलीच्या कमरेला पट्टा नव्हता. आज तिची मुले पट्टा लावल्याखेरीज गाडी हलू देत नाहीत. जुन्याचे गोडवे गाताना या एका गोष्टीपाशी माझा आवाज बसतो.

४

इंजिनाच्या पोटात काय जाते याचाही विचार सोलापुरातून केला पाहिजे, कारण ते आमच्याच शेतातून जाते. आमचा जिल्हा साखर कारखान्यांचा. उजनीच्या पाण्यावर ऊस वाढतो, उसाची मळी होते, मळीचे इथेनॉल होते, आणि पेट्रोलमध्ये ते वीस टक्के मिसळण्याचे जे उद्दिष्ट पूर्वी २०३० साठी ठरवले होते ते अलीकडे ओढून २०२५ मध्येच गाठले गेले. शेतकऱ्याला पैसा मिळतो, परदेशी तेलाचे बिल कमी होते. हे दोन्ही लाभ खरे आहेत. परंतु एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटले होते की या इंधनासाठी न बनवलेल्या जुन्या चारचाकींचे अंतर सहा-सात टक्क्यांनी घटू शकेल. एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाड्यांचे मालक देशात कोट्यवधी आहेत, आणि पंपावर त्यांना निवड दिलेली नाही.

आमच्याकडे पुष्कळ घरांत थोरला भाऊ ऊस लावतो आणि धाकटा शहरात टाकी भरतो. थोरल्याला भाव हवा, धाकट्याला अंतर हवे, दोघेही बरोबर. ज्या योजनेत दोन्ही भाऊ बरोबर असतात तेथे धाकट्याला आधी विश्वासात घेऊन सांगायला हवे होते, एवढेच माझे म्हणणे आहे. दोष लपवून गुण सांगितला की लोकांचा गुणावरचाही विश्वास उडतो.

५

माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक लोखंडी दांडा ठेवलेला असतो. हातभर लांब नाही, पण जड आहे. त्याच्यावर ठरावीक अंतराने अंड्याच्या आकाराचे उंचवटे आहेत. हा कॅमशाफ्ट. इंजिनाचे दरवाजे कधी उघडायचे आणि कधी मिटायचे हे हा ठरवतो. इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्या घेत असेल तेव्हा हा दीड हजार घेतो, म्हणजे प्रत्येक दरवाजा सेकंदाला पंचवीस वेळा उघडून मिटतो. उंचवट्याचा पृष्ठभाग कठीण हवा आणि गाभा चिवट हवा. म्हणून ओतकाम करतानाच साच्यात उंचवट्यांच्या जागी धातूचे थंड तुकडे बसवतात, त्यांना टेकलेले लोखंड झटकन गोठते आणि पांढरे, काचेसारखे कठीण होते. या कामासाठी आज सोलापूर जगात ओळखले जाते. १९९२ साली स्थापन झालेल्या येथल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचा माल जनरल मोटर्स, फोर्ड, ह्युंदाई अशा कंपन्यांच्या इंजिनांत गेला आहे. डेट्रॉइटच्या एखाद्या गाडीचा श्वास अक्कलकोट रस्त्यावर बनलेला असू शकतो, ही गोष्ट वालचंदांना आवडली असती.

माझा पुतण्या चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत या कामावर आहे. टेबलावरचा दांडा त्यानेच साहेबांना विचारून आणून दिला. गेल्या वर्षी एका संध्याकाळी तो आला आणि थोडा घुटमळून म्हणाला, "काका, विजेवरची गाडी घेऊ का?"

मी लगेच उत्तर दिले नाही. विजेच्या गाडीत कॅमशाफ्ट नसतो. दरवाजे नसतात, दट्ट्या नसतो, धूर नसतो. तो ज्या वस्तूवर पोट भरतो ती वस्तू जिच्यात मुळीच लागत नाही, अशी गाडी घेऊ का, असे तो मला विचारत होता. आणि मी काय सांगायचे? गाडीच्या बाजूने हिशेब सरळ आहे. त्याचे रोजचे जाणेयेणे चाळीस किलोमीटरांच्या आत. घराला अंगण आहे, रात्री वीज भरता येईल. अशा लहान गाडीला शंभर किलोमीटरला साधारण पंधरा युनिट वीज लागते. तेवढ्याच अंतराला पेट्रोल सहा-सात लिटर जाते. गाडी शांत चालते आणि शहराच्या गर्दीत गिअर बदलून हात थकत नाही. याउलट माझे दुसऱ्या मालकाचे परिमाण येथे अजून पुरते लागत नाही. नेक्सॉनची विजेवरची गाडी २०२० साली आली. मिस्त्रींच्या गॅरेजात तिच्या जातीच्या जुन्या गाड्या अजून फारशा येत नाहीत. सततच्या उन्हाने बॅटरी लवकर म्हातारी होते हे ठाऊक आहे, म्हणून आमच्या हवेत बॅटरी थंड ठेवण्याची नीट सोय असलेली, आणि शक्यतो लोह-फॉस्फेट जातीची बॅटरी असलेली गाडी पाहावी. पहिल्या आवृत्तीवर अखेरचा निकाल देऊ नये. परंतु तुझ्या कामापुरती ही गाडी चांगली आहे. एवढे सगळे त्याला सांगितले आणि मग न राहवून म्हणालो, "पण तुझ्या हातचा एक तुकडाही तिच्यात नाही रे."

तो हसला. म्हणाला, "काका, आजोबा जन्मभर आपल्या गिरणीचंच कापड नेसले. म्हणून गिरणी राहिली का?"

मी गप्प बसलो. आमचे वडील खरोखरच दुसरे कापड अंगाला लावत नसत. दुकानात मुंबईचे तलम कापड दाखवले की ते हात मागे घेत. गिरणीवर त्यांचे इतके प्रेम होते की तिचे साचे जुने झाले आहेत, माल मागे पडतो आहे, हे ठाऊक असूनही त्यांनी ते तोंडातून काढले नाही. गिरणी बंद पडली तेव्हा ते पन्नाशीचे होते. त्यानंतर त्यांनी सायकलवरून बिस्किटे विकली. या शहरातल्या एका पिढीने कामाचा भोंगा थांबलेला ऐकला आहे. तो पुन्हा थांबणार नाही याची हमी प्रेम देऊ शकत नाही.

म्हणून विजेच्या गाडीचे परीक्षण लिहिताना ती आमच्या गावाच्या पोटावर येते आहे यासाठी तिला दोन गुण कमी द्यावेत, हा मोह मी सोडून दिला आहे. तसे केले तर पद्मिनीच्या वेळी जे झाले तेच मी पुन्हा करीन. येथल्या कारखानदारांनीही तसा मोह धरलेला दिसत नाही. प्रिसिजनने २०१८ सालीच नेदरलँड्समधल्या एमॉस या विजेवरची वाहने बनवणाऱ्या कंपनीत भांडवल घातले होते. तो मार्ग कोठे जाईल ते काळ ठरवील, पण येणाऱ्या गोष्टीकडे तोंड करून उभे राहणे हे पाठ फिरवण्यापेक्षा केव्हाही बरे. इंजिने एका दिवसात नाहीशी होणार नाहीत. पुष्कळ वर्षे दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर धावतील. ती वर्षे ज्यांच्या कामी येतील त्यांच्या कामी येतील.

जाताना पुतण्याने टेबलावरचा दांडा उचलला, सवयीने उजेडात धरला आणि एका उंचवट्यावर नख फिरवले. मी विचारले, "एवढा गुळगुळीत तर आहे. हा नापास का झाला?" तो म्हणाला, "इथे माप चुकलंय. केसाच्या जाडीपेक्षाही कमी. डोळ्याला दिसत नाही, पण तपासणाऱ्याच्या यंत्राला दिसतं." मग दांडा जागेवर ठेवत म्हणाला, "तो माणूस फार खडूस आहे, काका. कोणाचं ऐकत नाही. पण त्याच्या हाताखालून गेलेला माल परदेशातून कधी परत येत नाही."

त्याने गाडी नोंदवली. मी हा लेख पुरा केला. दांडा कागदांवर आहेच.